रहाटाला घातलेलं तेल

आमच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक बाई राहते. तिच्या नवऱ्याची कंपनी बंद पडली. तेव्हापासून तो सकाळी आंघोळ करून इस्त्रीचा शर्ट घालतो, खुर्चीत बसतो आणि संध्याकाळी तो शर्ट काढून ठेवतो. ती त्याला डॉक्टरकडे नेते, गोळ्या आणते. मागे जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "आजी, तुमच्या काळात बरं होतं. असलं टेन्शन नव्हतं."

मी म्हटलं, "होतं."

ती थांबली होती, मी आणखी काही बोलेन म्हणून. पण माझं दूध गॅसवर होतं. मी आत आले. नंतर वाटलं, सांगायला हवं होतं. पण जिन्यात उभं राहून सांगण्यासारखं ते नाही. म्हणून लिहून ठेवते. मी चौथीपर्यंत शिकले आहे. तेवढ्यात जमेल तसं लिहिते.

माझा नवरा सुतार होता. मी त्यांना कधी नावाने हाक मारली नाही, अरेतुरेही केलं नाही. इथेही 'ते' नाहीतर 'हे'च म्हणेन.

आम्ही सोपाऱ्याला राहत होतो, बाजाराच्या मागच्या आळीत. मी, ते, सासू आणि माझी तीन वर्षांची मुलगी. आता तिथून पश्चिमेला पाहिलं तर इमारतीच दिसतात. तेव्हा केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्या होत्या. उमराळे, वाघोली, नाळे, बोळिंज, सगळीकडे वाड्याच. वाडी तिथे विहीर आणि विहीर तिथे रहाट. रहाट म्हणजे लाकडाचं मोठं चाक. त्यावरून दोराची माळ विहिरीत सोडलेली आणि माळेला मातीची गाडगी बांधलेली. रेडा गोल फिरला की चाक फिरायचं, गाडगी खालून भरून यायची आणि वर पन्हळीत रिकामी व्हायची. ते पाणी पाटाने झाडांना जायचं. चाकाच्या मधून जाणारं जाड आडवं लाकूड म्हणजे कणा. सगळा भार त्या कण्यावर.

ह्यांच्या घरात तीन पिढ्या रहाटाचंच काम होतं. नांगर, गाड्या, दारं-खिडक्या करणारे सुतार वेगळे. सासू त्यांना 'खुंट्या ठोकणारे' म्हणायची. आपला मुलगा रहाटवाला, ह्याचा तिला फार तोरा होता.

रहाट वाजला पाहिजे, हे पहिलं. नव्या माणसाला वाटेल की लाकूड घासतंय, जरा तेल घालावं. पण रहाटाला तेल घालायचं नसतं. कणा ज्या खोबणीत फिरतो ती सुतार मुद्दाम कोरडी ठेवतो आणि अशी कोरतो की फिरताना कुरकुर व्हावी. त्याला कारण आहे. वाडीवाला घरात बसलेला असतो. आवाज थांबला की त्याला कळतं, गडी झोपला. आणि रेड्याच्या डोळ्यांवर झापडं बांधलेली असतात. तो त्या आवाजावर पावलं टाकतो. आवाज गेला तर उभा राहतो. म्हणून न वाजणारा रहाट केला तर त्या सुताराला पुन्हा कोणी बोलावत नसे.

कोणत्याही दोन रहाटांचा आवाज सारखा नसतो. सकाळी ते अंगणात राखेने दात घासत उभे राहायचे आणि सांगायचे, "वाघोलीचा लागला. हा चिंचेखालचा. आज दोन माडांच्या वाडीला उशीर झाला, गडी पिऊन पडला असेल." सासू आतून म्हणायची, "आधी तोंड धू, मग हजेरी घे." ह्यात वेड काही नव्हतं. शेजारच्या भांड्यांच्या आवाजावरून त्यांच्याकडे आज पाहुणे आलेत हे मलाही कळायचं, तसंच ते.

पाऊस संपला की दसऱ्यापासून बोलावणी यायची. कोणाचा आरा बदलायचा, कोणाची चौकट, कोणाचा कणा. मजुरीत थोडे पैसे, बाकी भात, नारळ, केळीचे घड. पोट भरत होतं. त्याहून जास्त काही नव्हतं, पण कमीही नव्हतं.

स्वातंत्र्य मिळून तीन-चार वर्षं झाली असतील. बोळिंजच्या एका वाडीत तेलावर चालणारं इंजिन आलं. लोक बघायला गेले, हेही गेले. परत आले ते हसतच.

"दमेकरी आहे गो," म्हणाले. "ठो ठो खोकतं आणि काळा धूर ओकतं. पावसाळा काढत नाही."

सासू म्हणाली, "आणि शेणही देत नाही."

इंजिनाने पावसाळा काढला. पुढच्या वर्षी आणखी तीन वाड्यांत आलं. त्याच्या पुढच्या वर्षी किती आली ते मी मोजलं नाही. रेड्याला बारा महिने खायला लागतं, इंजिनाला चालेल तेव्हाच. वाडीवाले काही वाईट लोक नव्हते. आपल्या सोयीचं होतं ते त्यांनी केलं. मी त्यांच्या जागी असते तर मीही तेच केलं असतं.

एक मात्र होतं. जुना रहाट काढायला ते ह्यांनाच बोलवायचे. म्हणायचे, "तुम्ही बसवलात, तुम्हीच उतरवा." आणि मजुरीच्या जागी लाकूड देऊन टाकायचे. आमच्या परसात कणे, आरे, चौकटी यांचा ढीग झाला. त्यातले निम्मे त्यांच्या वडिलांच्या हातचे होते. सासूने त्या ढिगावर पापड वाळत घालायला सुरुवात केली.

तिसऱ्या दसऱ्याला एकच बोलावणं आलं.

तोपर्यंत त्यांची झोप गेली होती. जेवताना घास हातात धरून बसायचे. मला पुन्हा पुन्हा विचारायचे, "आणखी कोण बोलावेल?" मी म्हणायचे, "मला काय माहीत?" मग थोड्या वेळाने पुन्हा तेच. बाजारात जायचे ते न बघता कोणाच्या तरी अंगावर जायचे. रेशनच्या रांगेत एकदा आपला नंबर आल्यावर तिथून निघूनच आले. मी विचारलं तर म्हणाले, "गर्दी होती." गर्दी रोजच असायची.

मी म्हटलं, दारं-खिडक्यांची कामं घ्या. बाजारात नवी घरं होत होती. उत्तर सासूने दिलं. "माझा मुलगा खुंट्या ठोकणार नाय."

"मग खाणार काय?" मी म्हटलं.

"तुझं तोंड खाईल," सासू म्हणाली.

दिवाळीनंतर एकदम फरक पडला. ते नीट जेवायला लागले. मुलीला खांद्यावर घेऊन फिरवायला लागले. मला वाटलं, बरं झालं. मग एका सकाळी अंगणातून म्हणाले, "चिंचेखालचा लागला."

मी चुलीपाशी होते. चिंचेखालचा रहाट आमच्या परसात पडला होता. आदल्या दिवशी मीच त्याच्या आऱ्यावर गोधडी वाळत घातली होती. मी बाहेर येऊन म्हटलं, "अहो, चिंचेखालचा तर मागे पडलाय."

"ऐक ना," ते म्हणाले. "येत नाही ऐकू? हा वाघोलीचा. हा बघ, दोन माडांचा. सगळे चालू आहेत. उगाच लोक काहीतरी बोलतात."

चेहरा हसरा होता. त्यांची काळजी मिटली होती. सगळे रहाट चालू आहेत म्हटल्यावर काळजी कसली करायची? पण घरात काळजी कोणीतरी करावी लागतेच. त्यांनी सोडली ती माझ्याकडे आली. मला भूक लागेना. आमटीत दोनदा मीठ पडायला लागलं. मुलीने पाण्याचं भांडं सांडलं म्हणून तिला इतकं मारलं की शेजारीण मध्ये पडली. सांगण्यासारखी गोष्ट नाही, पण झालं ते झालं.

सासू म्हणाली, बाहेरचं आहे. विहिरीत उतरणारा माणूस, कोणीतरी धरलं असेल. तुळिंजच्या डोंगराकडे एक भगत राहायचा, त्याच्याकडे घेऊन गेली. त्याने काळा कोंबडा मागितला. दिला. भगताला बरं वाटलं, ह्यांना काही फरक पडला नाही. मग मी त्यांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, जीभ बघितली आणि म्हणाले, "तब्येत चांगली आहे. काळजी करू देऊ नका." मी म्हटलं, "ते काळजी करत नाहीत, हाच तर त्रास आहे." डॉक्टरांनी माझ्याकडेच पाहिलं.

आता ते एक बोलावणं. आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर एका काकीची वाडी होती. काकी विधवा होती, वाडी तीच बघायची. आवाज मोठा आणि हात आखडता, पण माणूस सरळ. आसपास खरोखर चालणारा रहाट उरला होता तो तिचाच एक. त्याचा कणा चिरला होता. दसऱ्याला तिने नव्या कण्यासाठी लाकूड आमच्या अंगणात आणून टाकलं. ह्यांनी एक बाजू तासली आणि तासायचा वाकस तिथेच ठेवला. मग त्याला हात लावला नाही. मी म्हटलं की म्हणायचे, "करतो. घाई काय आहे? कामं खूप आहेत."

होळीपासून मोगऱ्याचा हंगाम सुरू होतो. त्या वर्षी मी काकीच्या वाडीत कळ्या तोडायला जायला लागले. उजाडायच्या आत जायचं, कळी उमलायच्या आधी तोडायची, ओटीत भरून टोपलीत रिती करायची. त्यावर आमचं घर चाललं होतं. काकी मला रोज विचारायची.

"काय गो, कणा होतोय का?"

"होतोय."

"कधी? माझी पानवेल सुकल्यावर? पाडव्यापर्यंत बघेन. मग माझा भाऊ म्हणतो ते इंजिन आणीन. तुझा नवरा चांगला कारागीर आहे म्हणून थांबले. नाहीतर मला काय, पानी आल्याशी काम."

म्हणजे पाडव्यापर्यंत कणा झाला नाही तर शेवटचा रहाटही आमच्या परसात येणार होता. आणि मग ते अंगणात उभे राहून जन्मभर नसलेले रहाट ऐकत बसणार, एवढं मला दिसत होतं. आळीत तसा एक म्हातारा होता. गिरणीतून काढल्यावर तो भिंतीकडे तोंड करून दिवसभर हाताने धागे जोडायचा. त्याची बायको त्याला भरवायची. मला तसं नको होतं.

मी विचार केला. त्या वेळी तो बरोबर वाटला. सकाळी काकीचा रहाट लागला की ह्यांची हजेरी सुरू व्हायची. एक खरा आवाज यायचा आणि त्याच्यामागे बाकीचे सगळे डोक्यात सुरू व्हायचे. काकीचा गडी कधी उशिरा आला तर हजेरीही उशिरा. हे मी नीट पाहिलं होतं. मग तो एकच आवाज बंद केला तर? पुढे काय होईल, हे मी बघितलं नाही. रेडा काय करील, काकी काय म्हणेल, काही नाही.

सासू जास्वंदीची फुलं घालून खोबरेल उकळायची. केसांचं तेल. पाडव्याला पाच-सहा दिवस असताना मी ती बाटली कमरेला खोचली, जुन्या हिरव्या लुगड्याचा एक तुकडा फाडून घेतला आणि रोजच्यापेक्षा जरा लवकर वाडीवर गेले. फटफटत होतं. गडी अजून रेडा घेऊन आला नव्हता. विहिरीच्या काठावर ओणवी होऊन मी दोन्ही बाजूंच्या खोबणीत तेल ओतलं. तेवढ्याने भागेल असं वाटेना, म्हणून चिंधी तेलात बुडवून एका बाजूला काडीने कोंबली. मग जाऊन कळ्या तोडायला लागले.

गड्याने रेडा जुंपला. रेडा चालायला लागला. चाक फिरलं, गाडगी वर यायला लागली, पाणी पडायला लागलं. आवाज नाही. पाण्याचा तेवढा.

रेड्याने एक फेरा कसाबसा घेतला आणि उभा राहिला. गड्याने शेपूट पिरगाळली. चार पावलं चालला, पुन्हा उभा. तेवढ्यात काकी घरातून ओरडत आली.

"झोपलास ना रे?"

"नाय काकी, देवाशप्पथ. रहाट फिरतोय."

"फिरतोय तर वाजत का नाय?"

"मला काय म्हाईत? रेडा पन चालत नाय."

"रेडा पन झोपला म्हन! दोघं मिळून प्यायलात का?"

"काकी, पानी बघा ना! पानी येतंय!"

"मेल्या, मला कानाने ऐकू आलं पाहिजे, मी काय दिवसभर पाटात डोळे घालून बसू?"

मी मान खाली घालून कळ्या तोडत होते. कळ्यांबरोबर दोन-चार पानंही आली. मला तेव्हा कळलं मी काय केलं ते. तेल सापडलं की गड्याचं काम जाणार किंवा माझं. आणि पानवेलीला त्या दिवसांत एक वेळ पाणी चुकलं तरी चालत नाही.

तेवढ्यात हे आले. उघडेच, धावत. आमच्या घरी काय झालं ते सासूने मला नंतर सांगितलं. ते अंगणात येऊन उभे राहिले. बराच वेळ उभे. मग म्हणाले, "आई, काहीतरी बोल." सासू म्हणाली, "काय बोलू?" ते म्हणाले, "ऐकू येतंय. तुझं ऐकू येतंय." पुन्हा कान दिला. कावळा ओरडला. म्हणाले, "कावळापण." मग हातातला तांब्या तिथेच टाकला आणि पळाले. सासूला वाटलं, आता विहिरीत उडी टाकतोय. तीही मागे निघाली, पण तिचे गुडघे दुखायचे, कोपऱ्यावर बसून राहिली.

गडी रेड्याला ढकलत पुन्हा चालवायला लागला होता. ते येऊन फिरणाऱ्या चाकाकडे पाहत राहिले. चाक फिरतंय आणि वाजत नाही, हे त्यांना कळेना. चेहरा असा झाला होता की मला वाटलं, आता पडतील. मग त्यांनी गड्याला हात केला, रेडा थांबवला. काठावर गुडघे टेकले. खोबणीत बोट घातलं, बोट नाकाशी नेलं. दुसऱ्या बाजूला गेले. तिथून चिंधी ओढून काढली.

हिरव्या लुगड्याची चिंधी. ते लुगडं त्यांनीच आणलं होतं, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला. त्यांनी मूठ मिटली आणि माझ्याकडे पाहिलं. मी ओटीत कळ्या धरून उभी होते. माझ्या केसांना तोच वास होता, पण तो काकीपर्यंत पोचत नव्हता.

काकी म्हणाली, "काय झालं रे? काय सापडलं?"

"तेल आहे," ते म्हणाले.

"तेल? कोनी घातलं माझ्या रहाटाला तेल?" काकी गड्याकडे वळली. गडी दोन पावलं मागे सरला.

"मी घातलं, काकी."

"तू? तू तर अंगन सोडून दोन महिने आला नाहीस."

"काल तिन्हीसांजेला आलो होतो. तुम्ही आत होतात. कणा चिरलाय. नवा बसेपर्यंत कोरडा फिरवला तर मोडून माळेसकट विहिरीत जाईल. म्हणून तेल पाजलं."

इतकं सरळ बोलले की मलाही क्षणभर खरं वाटलं. काकीने त्यांच्याकडे बघितलं, मग चाकाकडे.

"मग नवा कधी?"

"चार दिवसांत."

"शब्द?"

"शब्द."

"आणि तोवर रेडा कोन चालवनार? तुझा बाप?"

"घुंगरू बांधा चाकाला," ते म्हणाले. "चालेल."

गडी म्हणाला, "बघा काकी, मी सांगत होतो ना!" काकीने त्याला आणखी दोन शिव्या दिल्या, पण आधीच्यापेक्षा हलक्या.

मी टोपली पुरी करून घरी आले. ते अंगणात अर्धवट तासलेल्या कण्यावर बसले होते. चिंधी समोर जमिनीवर ठेवली होती. सासू दारात.

"तू घातलंस?" त्यांनी विचारलं.

"मी."

"का?"

मी सांगितलं. हजेरीचं सांगितलं, भिंतीकडे तोंड करणाऱ्या म्हाताऱ्याचं सांगितलं. रडले नाही. रडण्याइतकी ताकद नव्हती.

ते म्हणाले, "आज एकही वाजला नाही. एकही नाही. मला वाटलं कान गेले. मग वाटलं, डोकं गेलं." चिंधी उचलली आणि म्हणाले, "म्हणजे बाकीचे डोक्यातच होते."

"होते."

"कधीपासून?"

"दिवाळीपासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"रोज सांगत होते."

"नाही," ते म्हणाले. "तू म्हणायचीस, मागे पडलाय. तो मागे पडलाय हे मलाही माहीत होतं."

ह्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही. आजही नीट सांगता येणार नाही. एवढंच दिसतं की माणसाला एखादी गोष्ट माहीतही असते आणि तरी नसते.

सासू दारातून म्हणाली, "माझं तेल संपवलंस ते संपवलंस. आता उठा दोघं."

ते उठले. वाकस घेतला. पहिल्या दिवशी हात चालत नव्हता. चार घाव घालायचे आणि थांबायचे. घाम यायचा. मी समोर बसून राहिले, कारण उठले की त्यांचा हात थांबायचा. दुसऱ्या दिवशी लाकडाची एक बाजू जास्त उतरली, ते पटाशीने बरोबर करताना दिवस गेला. पण करत राहिले. कामाची गोडी परत आली म्हणून नव्हे. काकीला शब्द दिला होता, आणि शब्द मोडला तर काकीने खोदून विचारलं असतं आणि तेल कोणी घातलं हे बाहेर आलं असतं. मग माझं काम गेलं असतं. मला वाचवायला ते खोटं बोलले आणि त्या खोट्याने त्यांना कामाला जुंपलं. असं काही होईल हे माझ्या डोक्यात नव्हतं. मी हुशारी केली नव्हती, चूक केली होती.

चौथ्या दिवशी त्यांनी गड्याला हाताशी घेऊन कणा बसवला. जुन्या खोबणीतलं तेल राख चोळून, खरवडून काढलं. खोबण पुन्हा कोरली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कळ्या तोडायला गेले नाही. काकीला निरोप पाठवला की मुलीला ताप आहे. मुलगी ठणठणीत होती. मी चुलीपाशी बसले, तिथून अंगण दिसायचं. ते राख घेऊन बाहेर आले. सासूही जागी होती. ती कधी नव्हे ती गप्प होती.

काकीचा रहाट लागला. नवा आवाज होता, जरा जाड. मी ऐकला. त्यांनी मान वर केली. मी पुढचा शब्द यायची वाट बघत होते. वाघोलीचा, चिंचेखालचा, कुठला तरी. चुलीत फुंकायचं विसरले.

ते म्हणाले, "एक."

आणि दात घासायला लागले.

पुढे रोज तेच. "एक." कधी गडी उशिरा आला तर तोपर्यंत गप्प. सासू एकदा म्हणाली, "रोज काय एक, एक? आम्हाला ऐकू येतं." ते म्हणाले, "तुला येतं. मला येतं की नाही ते बघतो."

मी म्हणणार नाही की ते बरे झाले. पुढेही दसरा जवळ आला की झोप जायची, घास हातात राहायचा. मी तेव्हा दुपारी त्यांना एकटं बसू देत नसे, काही ना काही काम काढायचे, नाही मिळालं तर परसातला ढीग उगाच इकडचा तिकडे करायला लावायचे. त्या ढिगातूनच पुढे बाजारातल्या एका घराची दारं झाली. पहिलं दार बसवून आले तेव्हा सासू आठ दिवस त्यांच्याशी बोलली नाही. नवव्या दिवशी म्हणाली, "दार लागतं का नीट, की कुरकुरतं?" ते म्हणाले, "कुरकुरतं. आत कोण आलं ते कळायला नको?" मग शाळेची बाकं मिळाली. मी त्या शाळेत चौथीपर्यंत जमिनीवर बसून शिकले होते.

दोन वर्षांनी काकीनेही इंजिन आणलं. आम्ही तिला बोल लावला नाही. रहाट उतरवायला तिने ह्यांनाच बोलावलं. मला त्या कामाची धास्ती होती, मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांनी सगळं शांतपणे उतरवलं. कणा खांद्यावर घेऊन घरी आणला. त्याला अजून चीर गेली नव्हती. रात्री नीट जेवले.

सकाळी ते अंगणात आले. राख हातात होती. लांब कुठेतरी इंजिन ठो ठो करत होतं. ते उभे राहिले, मान वर केली. मी चुलीपाशी थांबले. सासूने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

बराच वेळ ते काही म्हणाले नाहीत. मग दात घासले, चूळ भरली आणि आत येऊन पाटावर बसले.

"चहा दे," म्हणाले. "बाकं न्यायची आहेत."